मदत हवी आहे: लिस्बनमध्ये सूपमध्ये मांस आहे का हे पोर्तुगीजमध्ये कसं विचारायचं?

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन लिस्बन आणि पोर्तोला जातोय, दोघं पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. 'सोमुश व्हेजतारियानुश' (आम्ही शाकाहारी आहोत), 'सें कार्न, सें पैश' (मांसाशिवाय, माशाशिवाय) आणि बिलासाठी 'आ कोंता, पुर फावोर' एवढं पाठ झालंय, टेबलावर न मागता आलेले पाव-ऑलिव्ह खाल्ले की बिलात लागतात हेही माहितीये. अडलंय सूपवर, कारण काल्दु व्हेर्द म्हणजे बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप, पण त्यात शोरिसु सॉसेजची चकती असते आणि ती नुसती बाजूला काढून आईला चालणार नाही. व्हेज हॉटेलं शोधून ठेवलीत, प्रश्न छोट्या घरगुती खानावळींचा आहे. माझं ट्रान्सलेट अ‍ॅप ब्राझीलच्या पोर्तुगीज उच्चारात बोलतं, त्यामुळे पोर्तुगालमध्ये राहिलेल्या कुणीतरी सांगा ना, 'हे मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलंय का, अंडं घातलंय का' हे वेटरला साध्या भाषेत कसं विचारायचं, आणि उच्चार देवनागरीत लिहून द्याल का?