अनुभव धागा: बुधवारच्या रात्रीचा ग्रिल सॅमन (आणि तुमचे भाजके मासे)

परळची_माहेरवाशीण
काल रात्री समोरच्या इमारतीतून खरपूस, गोडसर वास आला आणि थेट आमच्या चाळीची गॅलरी आठवली. बाबांची दुसरी पाळी नसली की बुधवारी शेगडी बाहेर यायची. निखाऱ्यावर बांगडे, आणि आई नारळाच्या शेंडीने वरून आगळ-गुळाचं पाणी फिरवायची. तेही अगदी शेवटी. "आधी लावलंस तर गूळ करपतो, मासा कच्चा राहतो," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता माझ्याकडे शेगडी नाही, ग्रिल पॅन आहे, आणि बुधवारी ऑफिसमधून आल्यावर मी सॅमन करते. नियम मात्र आईचाच. फ्रोझन तुकडे मंगळवारी रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायचे. संध्याकाळी कागदाने अगदी कोरडे पुसायचे, पॅनला नाही, माशालाच तेल लावायचं. कातडी खाली ठेवून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं अजिबात हलवायचा नाही. कडेने रंग फिका होत वर चढताना दिसतो. तोवर दुसऱ्या गॅसवर दोन चमचे सोया सॉस, एक चमचा मध, किसलेलं आलं-लसूण चमच्याला चिकटेल इतपत आटवायचं. मासा उलटायचा, दोन मिनिटं ठेवायचा, मग हे ग्लेझ लावून शेवटचं एखादं मिनिट. लिंबू गॅस बंद केल्यावर. सोबत गरम भात आणि काकडीची कोशिंबीर, बास. भात होईपर्यंत मासाही तयार.

तुम्ही कसं करता? सॅमनच हवा असं नाही. आठवणी पण लिहा.

खारदांडा_किनारा
ताई, आमच्याकडे सॅमन येत नाही, रावस येतो. लोक त्याला इंडियन सॅमन म्हणून विकतात पण मासा पूर्ण वेगळा, चरबी कमी. सॅमन मिनिटभर जास्त राहिला तरी चालून जातो, रावस लगेच कोरडा पडतो. मधली जाड तुकडी घ्या, शेपटीकडची कालवणाला ठेवा. ग्लेझ लावायच्या आधी पाव चमचा लोणी. बाकी तुमच्या आईचं बरोबर, आमची आजी पण गूळ शेवटीच.

मुलुंडची_आई
ट्रेनमधून लिहितेय, चुका चालवून घ्या. माझ्याकडे ओटीजी (छोटा ओव्हन). फक्त वरचा रॉड लावून, ट्रेवर फॉइल (नाहीतर ती साखर घासताना जीव जातो). एक इंच जाडीला साधारण दहा मिनिटं धरते. ग्लेझ शेवटच्या तीन मिनिटांत दोनदा. मुलगा माशाला हात लावायचा नाही, याला लावतो कारण काटे दिसत नाहीत. पण काटे असतात हां!! बोट फिरवलं की मधल्या रेषेत टोचतात, चिमट्याने तिरके ओढायचे

ठाण्याचा_खवय्या
माझ्या सॅमनमधून पांढरं पांढरं काहीतरी बाहेर येतं. खराब असतो का?

परळची_माहेरवाशीण
नाही हो दादा, ते माशातलंच प्रथिन. आच जास्त झाली की स्नायू आकसतात आणि ते बाहेर ढकललं जातं. आच कमी करा, आणि आधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, बरंच कमी होतं. मग ग्लेझमध्ये मीठ नको, सोया सॉस खारट असतोच.

घाटकोपर_पूर्व
फ्रोझनवरून एक महत्त्वाचं. व्हॅक्युम पाकिटातला मासा असेल तर वितळवताना पाकीट उघडून डब्यात झाकून ठेवा. हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, त्यातले काही फ्रीजच्या गारव्यातही वाढतात. आमच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई आहेत म्हणून मी याबाबतीत कडक आहे. आणि कच्च्या माशाला लागलेला ब्रश परत वाटीत बुडवू नका, वरून घालायचं ग्लेझ वेगळं काढा.

मालवणी_माणूस
तिरफळ घाला!!! कोणीच कसं लिहिलं नाही. काळी बी काढून टाकायची, टरफलं जरा ठेचून सोया-गुळात उकळायची, गाळायची. चिनी लोकांचं सिचुआन मिरं आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत, त्यामुळे सोया सॉसशी जमतंच. जिभेला ती झिणझिण येते ना, सॅमनच्या तेलकटपणावर तसं काही नाही. बांगड्यालाही हेच लावतो मी, पण बांगड्याला चिरा पाडून.

खारदांडा_किनारा
@मालवणी दादा तिरफळ बांगड्यालाच. बाकी कशाला नाही.

मालवणी_माणूस
एकदा करून बघा मग बोला 😀

भांडुपकर
परळताई, बाबा गिरणीत होते का? माझेही. 82 च्या संपानंतर आम्ही भांडुपला आलो. आमच्या शेगडीवर तेव्हा बांगडे नव्हते, सुके बोंबील असायचे. निखाऱ्यावर भाजून, ठेचून, वर कच्चा कांदा आणि तेल. सहा माणसांत मूठभर बोंबील आई कसे पुरवायची ते अजून कळत नाही. तुमचं वाचून डोळे भरले. सॅमन कधी केला नाही.

परळची_माहेरवाशीण
हो दादा, गिरणीतच. संपात आमच्याकडेही बोंबीलच. ती भाजकी बोंबलाची चव मला आजही कुठल्याही महागड्या माशापेक्षा वरची वाटते. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

भांडुपकर
आई आता नाही. पण नमस्कार पोचला असं समजतो. 🙏

सुरणप्रेमी
मी शाकाहारी, तरी सगळं वाचतेय. हेच ग्लेझ सुरणाच्या जाड कापांना लावलं. सुरण आधी कोकमं टाकून उकडून घ्यायचा म्हणजे खाजत नाही. नवऱ्यासाठी सॅमन, माझा सुरण, पॅन वेगळे, वाटी वेगळी, दोघं एकत्र जेवलो.

मुलुंडची_आई
सुरणवाल्या ताई तुमचं किती छान. आमच्याकडे श्रावणात करून बघते

ठाण्याचा_खवय्या
मिठाच्या पाण्याने खरंच फरक पडला! आत्ताच जेवलो. आतून गुलाबी, पापुद्रे सुटत होते. बायको विचारतेय तो रंग घातलेला असतो का?

घाटकोपर_पूर्व
वरून फासलेला नसतो. समुद्रातल्या सॅमनला कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन रंग येतो, शेतीच्या सॅमनला तेच रंगद्रव्य, अ‍ॅस्टाझँथिन, खाद्यातून देतात. आपल्याकडे येणारा बहुतेक शेतीचा. वहिनींना सांगा निर्धास्त खा.

विरार_फास्ट
जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे फ्रोझन सॅमनच चालतो. पण ऑगस्टमध्ये बोटी लागल्या की मी कोणाचंही ऐकत नाही, ताजी सुरमई. तिलाही ग्लेझ लावून पाहिलं, तुकडी अर्ध्या इंचाची, एका बाजूला तीन मिनिटं पुरे. कातडी कुरकुरीत होत नाही सॅमनसारखी.

मुलुंडची_आई
उद्या सिटीलाईटच्या मासळीबाजारात जाऊ का? दादरला काम आहे तसंही

खारदांडा_किनारा
उद्या गुरुवार आहे ताई, गिऱ्हाईक कमी, म्हणून माल पण कमी येतो. शुक्रवारी सकाळी लवकर जा. रावस घेताना कल्ला उघडून बघा, लालभडक हवा, आणि मावशीला सांगा ग्रिलला पाहिजे, कातडी ठेवून फक्त खवले काढ.

मुलुंडची_आई
शुक्रवार पक्का. डोकं पण घेऊ का, कालवणाला?

खारदांडा_किनारा
घ्याच. सोडू नका.