पाणी घट्ट म्हणजे किती घट्ट? आणि दुखऱ्या खांद्याचं काय? (अर्धांगवायूनंतर घरी)

दीपमाळ:

नमस्कार. वडील, वय ६८. पाच आठवड्यांपूर्वी स्ट्रोक. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं जवळजवळ बंद. काहीही विचारलं तरी "हो" म्हणतात. नाकातली नळी काढून दहा दिवस झाले. गुरगुट्या भात, खिमट नीट जातं. पाणी, चहा, ताक घेतलं की ठसका. डिस्चार्जच्या कागदावर "पातळ पदार्थ घट्ट करून द्यावेत" एवढंच लिहिलंय. किती घट्ट? विकतच्या पावडरीऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पेज चालेल का?

दुसरं म्हणजे चार दिवसांपासून उजवा खांदा दुखत असावा, बनियन घालताना चेहरा कसनुसा होतो. ब्यूरोकडून आलेले मदतनीस मामा त्यांना काखेत हात घालून उठवतात. हात मोकळा व्हावा म्हणून छताला पुली लावून घ्यावी का?

शेवगा:

ठसका लागतोय हे एका अर्थी बरं आहे, घशाची राखण चालू आहे. घशाची जाणीव गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतसुद्धा नाही. म्हणून फक्त ठसक्यावर विसंबू नका. दोन-तीन चमचे झाले की "आऽ" म्हणायला लावा. आवाज गुळण्या केल्यासारखा ओला आला तर थांबायचं. जेवणानंतर तासाभराने श्वास जोरात चालणं, रोज संध्याकाळी कणकण, छातीत घरघर ही लक्षणं दिसली तर तोंडाने देणं बंद करून त्याच दिवशी डॉक्टर.

आता घट्टपणा. पाणी फार वेगाने घशात पोचतं आणि श्वासनलिकेचं दार मिटायला उशीर होतो, म्हणून त्याला जरा हळू करायचं, एवढाच घट्ट करण्याचा हेतू. मोजमाप घरी करता येतं. १० मिलीची साधी सिरिंज घ्या, सुई नको. आधी पट्टी लावून बघा: शून्याच्या रेघेपासून १० च्या रेघेपर्यंत ६१.५ मिमी भरलं पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात, आणि लांबी वेगळी असेल तर उत्तर चुकतं. दट्ट्या काढा, तोटीवर बोट धरा, १० च्या रेघेपर्यंत भरा, बोट सोडा, १० सेकंदांनी परत बोट लावा. आत १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, आठाच्या वर उरूनही थेंब गळत असतील तर पातळी ३. काहीच गळलं नाही तर ते चमच्यानेच खायचं, पातळी ४. या मोजपट्टीला IDDSI म्हणतात, अनेक देशांत हीच वापरतात. तुमच्या वडिलांना कुठली पातळी, हे मात्र त्यांना तपासलेल्या माणसानेच सांगायचं. फोन करून आकडाच विचारा.

पेज आणि कॉर्नफ्लोअर यांची गोची अशी की दोन्ही पिष्ट. लाळेतला रस पिष्ट फोडतो. उष्टा चमचा परत वाटीत गेला की दहा मिनिटांत वाटीतली पेज पाण्यासारखी होते, आणि जे गालात रेंगाळतं ते तोंडातच पातळ होतं. झँथन गमच्या पावडरीला लाळेने फरक पडत नाही. डब्यावरच्या घटकांत तेच नाव शोधा. पेज अन्न म्हणून खुशाल द्या, फक्त वाढायचा चमचा वेगळा आणि भरवायचा वेगळा. पाणी घट्ट करायला मात्र पावडरच. ती पाण्यात भुरभुरत काट्याने ढवळा आणि थांबा. दुधात, गार पदार्थांत घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो. सगळ्यांची एकच चूक होते: दोन मिनिटांत "पातळच आहे" म्हणून आणखी एक माप टाकतात आणि पाच मिनिटांनी त्याची खळ होते. गुठळ्या राहिल्या तर गाळून घ्या.

भरवताना खुर्चीत ताठ बसवा. पलंगावर उशीला रेलून नको. भरवणाऱ्यानेही समोर बसायचं. उभ्याने भरवलं की पेशंट वर बघतो, मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. अर्धा रिकामा पेलाही हेच करतो. म्हणून पसरट वाटी आणि चहाचा चमचा, एका वेळी ५ मिली. तोटीचा सिपर नकोच, तो थेट जिभेच्या मागे ओततो. घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने द्या. शेवटी टॉर्च लावून उजवा गाल बघा, तिथे भात साचलेला सापडतो. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. आणि दात दिवसातून दोनदा घासा, पेस्ट हरभऱ्याएवढीसुद्धा नको, फेस पुसून काढा. घाणेरडी लाळ छातीत गेली की न्यूमोनिया होतो. नळी असताना लोक दात घासणं सोडून देतात, ते चूक.

सगळ्यात फसवे ते दुपेडी पदार्थ: दूध-पोहे, पातळ वरणातला भात, सबजा घातलेलं सरबत, रसाळ कलिंगड. पाणी पुढे पळतं, घास मागे राहतो. आइस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पाणीच होतात.

गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत नायर रुग्णालयाला जोडून त्यांचं कॉलेज आहे, वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठ.

कोयरी:

खांद्याचं सांगते. पुली लावू नका. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत असतो आणि त्याला मुख्यतः स्नायूच धरून ठेवतात. ते ढिले पडले की हाताच्या वजनाने गोळा खाली उतरतो. वडिलांना बसवून दोन्ही खांद्यांच्या टोकाखाली बोट फिरवा. उजवीकडे बोटभर खाच लागली तर तेच झालंय. अशा खांद्यात पुलीने हात वर ओढला की फऱ्याचं हाड (पाठीवरचं खांद्याचं पातं) सोबत फिरत नाही आणि गोळ्यावरचे स्नायू दोन हाडांत चिमटतात. फिजिओ स्वतः फऱ्याला आधार देऊन फिरवत नाहीत तोवर हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊच नका.

मामांना पहिल्यांदा काखेतून उचलणं थांबवायला सांगा, निम्मं दुखणं तिथूनच येतं. जाड सुती पट्टा कमरेला बांधा आणि तो धरा. चाकांची खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला, पलंगाशी तिरकी, ब्रेक लावलेला, पायफळी काढलेली. त्यांना पलंगाच्या काठावर आणा, तळवे पूर्ण टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. मामांचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकलेला हवा, नाहीतर तो दुमडतो. मग पुढे वाकवा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं. इथेच सगळे घाई करतात: माणूस पुढे वाकलेला नसताना वर ओढतात, आणि पूर्ण वजन हातावर येतं. पुढे वाकले की ढुंगण आपोआप सुटतं. उभं करून, डावीकडे वळवून खाली बसवा. मामांच्या मानेला हात घालायला लावू नका.

बसलेले असताना मांडीवर उशी, तिच्यावर कोपर आणि पंजा दोन्ही. लोंबता हात सुजतो. डाव्या कुशीवर झोपले की पुढे दोन उशा, मनगट खाली झुकता कामा नये. उजव्या कुशीवर झोपवताना फरा हलकेच पुढे काढा, म्हणजे वजन खांद्याच्या टोकावर येत नाही. झोळी फक्त उभं राहताना, चालताना. दिवसभर घातली तर कोपर वाकडंच आखडतं. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला आधी. बनियनपेक्षा पुढून बटणाचा सदरा बरा. बीपी डाव्या हातावर घ्या.

गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला ठेवू नका. चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. पंजा सुजून चकचकीत, गरम झाला तर फिजिओची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि ते सगळ्याला "हो" म्हणतात ना, मग "दुखतंय का" विचारण्यात अर्थ नाही. हात कितव्या इंचाला चेहरा आवळतो ते बघा आणि तेवढंच फिजिओला सांगा. (चेंडू दाबायला देण्याचंही खूळ असतं. बोटं आधीच मिटायला लागली असतील तर त्याने मूठ आणखी आवळते.)

पळी_पंचपात्र:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, औषधाच्या गोळ्यांचं राहिलं. गोळी पाण्याबरोबर नको. घट्ट दह्याच्या किंवा कुस्करलेल्या केळ्याच्या चमच्यात. सगळ्याच कुटू नका. एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेली (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आतड्यात विरघळावं म्हणून आवरण दिलेल्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या आणि अॅस्पिरिनच्या काही गोळ्याही कुटायच्या नाहीत. केमिस्टला पूर्ण पट्ट्या दाखवून प्रत्येकीचं विचारा.

घट्ट पाणी कुणालाच आवडत नाही, त्यामुळे पिणंच कमी होतं, मग बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग. दिवसाचे एकूण मिली कागदावर लिहीत जा. लघवी गडद पिवळी झाली की समजा कमी पडतंय. बद्धकोष्ठाला इसबगोल मात्र अजिबात नको, ज्याला गिळता येत नाही त्याच्या घशात तो फुगून अडकतो. आणि पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) रेचक पूड पिष्टाच्या घट्टकात कालवली तर सगळं परत पातळ होतं.

दीपमाळ:

सगळ्यांचे आभार. घरातली सिरिंज मोजली, ५७ मिमी भरली, दुसरी आणतो. पट्ट्याचं मामांना दाखवलं. रात्री तोंडाला कोरड पडते, ग्लासकडे बोट दाखवतात. तेव्हा दोन घोट साधं पाणी दिलं तर?

शेवगा:

आपल्या मनाने नको. काही पेशंटना थेरपिस्ट साधं पाणी देऊ देतात, पण अटी ठरलेल्या: जेवणानंतर किमान अर्धा तास गेलेला, तोंड घासून स्वच्छ, ताठ बसलेले, पूर्ण जागे. रात्री अर्धवट झोपेत, आडवे असताना यातली एकही अट पुरी होत नाही. तपासणी होईपर्यंत ओल्या गॉझने ओठ, जीभ, गालांची आतली बाजू पुसा. गॉझ नीट पिळून, थेंब गळता कामा नये. ओठांना थोडं व्हॅसलीन.