इग्निसला नुसता मुखवटा म्हणणाऱ्यांना उत्तर

तापीकाठ (भुसावळ)
परवा इथे एका भाऊने लिहिलं, "मारुतीची इग्निस म्हणजे जुन्या गाडीचा मुखवटा चढवलेला डबा. त्या पैशात टाटाची पंच नाहीतर स्विफ्ट घ्या, विषय संपला." विषय संपलेला नाही.

मागच्या खिडकीमागच्या खांबावरच्या तीन तिरक्या रेघा सुझुकीच्या १९७७ च्या सेर्व्हो या छोट्या गाडीवरून घेतल्यात. फेंडरवर उतरणारं बॉनेट सुझुकीच्याच जुन्या एस्कुडो या एसयूव्हीचं. याला मुखवटा म्हणायचं तर म्हणा, पण जुन्या वळणाची गाडी आपल्याकडे कोणत्या भावात मिळायची ते आठवा. फियाट ५०० २००८ मध्ये परदेशातून तयार होऊन आली तेव्हा चौदा-पंधरा लाखांच्या घरात होती. इग्निस जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली एक्स-शोरूम ४ लाख ५९ हजारांपासून सुरू झाली.

आणि मुखवट्याखाली काय आहे? ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ८३ पीएस ताकद, ११३ न्यूटन मीटर टॉर्क. पंच तीन सिलिंडर. स्विफ्टही २०२४ पासून तीन सिलिंडर. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगवर थरथरीचा फरक हाताला लागतो. लांबी ३.७ मीटर, वळायला ४.७ मीटर त्रिज्या, म्हणजे जळगावच्या फुले मार्केटच्या गर्दीत एका दमात फिरते. ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलिमीटर. मळ्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्या की मधला वरंबा गाडीच्या पोटाला घासतो, तिथे हे १८० कामी येतात. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. अजून काय पाहिजे?

सातपुडा (शहादा)
अजून पत्रा पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेने, इग्निस आपटली. पाचपैकी मोठ्यांसाठी एक तारा, मुलांसाठी शून्य. बॉडीशेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, अस्थिर म्हणून नोंदलं. पंचला त्याच संस्थेने २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले. धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्री समोरून कंटेनर येतो तेव्हा तीन रेघा वाचवणार आहेत का? तुम्ही एवढं लिहिलं आणि या गोष्टीवर एक ओळ नाही, याचा राग येतो.

तापीकाठ (भुसावळ)
एक तारा आहे, मान्य. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. आपटलेल्या गाडीत ईएसपी नव्हतं. २०२३ पासून इग्निसच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये ईएसपी आणि हिल होल्ड आलं. ओल्या रस्त्यावर एकदम स्टिअरिंग मारलं तर गाडी घसरू नये म्हणून ईएसपी, चढावर मागे सरकू नये म्हणून हिल होल्ड.

सातपुडा (शहादा)
ईएसपी अपघात टाळायला मदत करतं. अपघात झालाच तर पत्रा ईएसपीने जाड होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ, एकीचं उत्तर दुसरीला देऊ नका.

कपाशी (पाचोरा)
ताऱ्यांवरून भांडा, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंश होतं तेव्हा या गाडीत मागे बसणाऱ्याचं काय? मागे एसीचे व्हेंट नाहीत. काचा उभ्या आणि ऊन थेट सीटवर. लोक एप्रिल लागला की गॅरेजला जाऊन "गॅस भरून द्या" म्हणतात, पैसे मोजतात आणि जूनपर्यंत परत गरम हवा. छोट्या गाडीचा एसी खानदेशासाठी नाहीच, हे एकदा लिहून टाका.

रेडिएटर (धुळे)
हे चूक आहे आणि याच चुकीवर गॅरेजवाल्यांचा सगळा उन्हाळा चालतो, म्हणून नीट लिहितो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. गळती बहुतेक तीन ठिकाणी असते: पाइपच्या जोडावरची ओ-रिंग (रबरी कडी), गॅस भरायच्या तोंडाच्या (सर्व्हिस पोर्ट) आतला व्हॉल्व्ह, किंवा रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या (गॅस थंड करणारी जाळी) खालच्या कडेला खडी लागून पडलेलं बारीक भोक. डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (आतली हवा थंड करणारी जाळी) गळत असेल तर खर्च मोठा, म्हणून तो सगळ्यात शेवटी तपासायचा. आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघा. नाही सापडलं तर यूव्ही डाय (चमकणारा रंग) टाकून काही दिवसांनी निळ्या दिव्याखाली बघा.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं, किमान अर्धा तास. मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा बघत थांबायचं. काटा चढला तर अजून गळती आहे. नंतर आर-१३४ए गॅस वजन करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम. अंदाजाने जास्त भरला की आतलं प्रेशर चढतं, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं एसीत दम नाही.

आपल्याकडे दुसरं मोठं कारण म्हणजे कंडेन्सर. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची रुई उडते, वर काळ्या मातीची धूळ. ती जाळीत बसते आणि पुढच्या बाजूने नुसतं पाणी मारलं की कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत आणखी घट्ट दबते. फॅनचं शराउड (कव्हर) सोडवून मागून पुढे, कमी प्रेशरने धुवायचं. जेटवॉशचा पाइप जवळ धरला की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) मोडतात, आणि मोडलेल्या फिनमधून हवा जात नाही.

कपाशी (पाचोरा)
एवढं सगळं सामान्य माणसाने करायचं? गाडी घेतली की एसी चालला पाहिजे, त्याच्यासाठी मेकॅनिक व्हायला लावता का?

रेडिएटर (धुळे)
मेकॅनिक व्हायचं नाही, मेकॅनिकला तीन प्रश्न विचारायचे. गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ केलं? किती ग्रॅम भरला? उत्तर नसेल तर गाडी तिथे सोडू नका. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर मात्र घरीच निघतो. तो मातीने भरलेला असताना गॅसला दोष देणारे खूप आहेत. ४५ अंशात मधल्या व्हेंटला थर्मामीटर लावून १०-१२ अंश आलं तर तो एसी ठणठणीत समजा. आणि उन्हात तापलेली गाडी सुरू केल्याबरोबर काचा बंद करून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) दाबू नका. दोन मिनिटं काचा खाली ठेवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग बंद करा.

केळीबाग (रावेर)
काळी फिल्म लावली की निम्मा प्रश्न सुटतो. सरळ उपाय.

सातपुडा (शहादा)
आणि दंडाची पावती कोण भरणार? केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे. काळी फिल्म यात बसत नाही. लोकांना चुकीचा सल्ला देऊ नका. जाळीचे पडदेसुद्धा पोलीस काढायला लावतात. गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चकाकणारा सनशेड लावा, बास.

तापीकाठ (भुसावळ)
धागा गाडीवर होता, एसीवर गेला. पण रेडिएटरभाऊंनी लिहिलेलं कुठल्याही गाडीला लागू आहे, त्यात इग्निसचा वेगळा दोष कुठे दिसतो?

कपाशी (पाचोरा)
मागे व्हेंट नाहीत हा दोष इग्निसचाच. तो धुऊन जाणार नाही.

रेडिएटर (धुळे)
तुन्हं म्हननं खरं शे भाऊ, तो दोष आहेच. मागची सीटही दोघांचीच, तिसरा खांदा आडवा करून बसतो. डिकी २६० लिटर, लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा बसत नाहीत. त्यात बाहेरून सीएनजी किट बसवायचं म्हणाल तर डिकी जवळजवळ गेलीच. शिवाय किटची नोंद आरसी आणि विमा दोन्हींत करावी लागते, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. पाच माणसांच्या घराने ही एकुलती गाडी म्हणून घेऊ नये. दोघांना, नोकरीला रोज अमळनेर-धुळे करणाऱ्याला चालेल.

केळीबाग (रावेर)
एएमटीचं, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरचं, कोणी बोलत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाड्यांची रांग लागली की काय करायचं?

रेडिएटर (धुळे)
चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागेवर धरून ठेवायची नाही. क्लच अर्धा लागलेला राहतो आणि जळतो, ऑटोमॅटिक असला तरी आत साधी क्लच प्लेटच आहे. ब्रेकवर उभं राहा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदम निघा. लिव्हर एम (मॅन्युअल) वर घेऊन पहिला-दुसरा गिअर स्वतः ठेवा, नाहीतर ऐन वळणावर तिसरा टाकते आणि दम तुटतो. २०२३ च्या आधीची जुनी घेताना चढावर उभी करून ब्रेक सोडून बघा, हिल होल्ड नसेल तर किती मागे सरकते ते कळेल. पहिला गिअर टाकताना धक्का बसला की क्लच तपासूनच भाव करा.

सातपुडा (शहादा)
इंजिन चांगलं आहे, हे मी आधीही नाकारलं नव्हतं. गावातल्या गावात आणि बाजारहाटाला गाडी बरी. पण महामार्गावर रोज जाणाऱ्या माणसाला मी पंचच सांगणार, तीन सिलिंडरची थरथर सहन करून. आणि रेडिएटरभाऊ, रोज अमळनेर-धुळे करणाऱ्याला ही गाडी सुचवणं मला अजिबात पटलेलं नाही.

तापीकाठ (भुसावळ)
तेवढं तुमचं मान्य. जुनी बघणाऱ्यांसाठी एकच सांगतो: २०१७-१८ मधली डिझेल दिसली तर भावाला भुलू नका. तिचं १.३ इंजिन फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं, दणकट आहे. पण डिझेल इग्निस २०१८ मध्येच बंद झाली आणि विकताना गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. पेट्रोल मॅन्युअल बघा, चारही टायर १७५/६५ आर१५ च आहेत का ते बघा, आणि एसी चालू करून मधल्या व्हेंटला थर्मामीटर लावल्याशिवाय बयाणा देऊ नका.