मुरमाड रानात सीताफळ, खाली हुरडा: आखणी कशी करावी?

रामलिंगचं शिवार: धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ माझा दोन एकर मुरमाड उतार, त्याखाली दोन एकर काळं रान. वर सीताफळ, बांधावर झाडं, खाली रब्बी ज्वारी. रविवारी पाहुणे बोलवायचे, रानातून फेरी, मग हुरडा. जेवण गावातल्या बचत गटाकडं. झाडांचं अंतर, पायवाट कशी ठेवावी? हुरडा एकाच आठवड्यात संपू नये म्हणून काय करता येईल?

बालाघाटकर: सीताफळ 5 बाय 5 मीटर, म्हणजे एकरी 160 झाडं. आधी समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत), मग चराच्या खालच्या अंगाला खड्डे. बांधावर चिंच 10 मीटरवर, मधे गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड). त्याचा पाला छाटून आळ्यात टाका. हिवाळ्यात सावली उत्तरेकडं पडते, म्हणून ज्वारीच्या दक्षिण बांधावर चिंच नकोच. उत्तर बांधावर लावली तर सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल. आधी त्याला विचारा, बांधावरची भांडणं कशी पेटतात ते काय सांगायचं! झाडं मोठी झाली की बांध अन् पिकाच्या मधे दोन फूट खोल चर काढा, नाहीतर मुळं ओल ओढतात अन् कडेची ज्वारी खुरटते.

हुरडेवाला परभणी: सगळं रान एकदम पेरू नका. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, दर आठ दिवसांनी दोन-दोन गुंठे. त्याआधी पेरलं तर खोडमाशी, नंतर पेरलं तर ओल तुटते. हुरड्याचं वाण गूळभेंडी, सुरती किंवा परभणी वसंत घ्या. दाणा दाबल्यावर दूध उडालं तर थांबा; नखाची नुसती खूण उमटली तर उशीर झाला. माणशी सहा-सात कणसं धरा, पाखरांचा वाटा वेगळा. आगटीत (हुरडा भाजायच्या खड्ड्यात) गोवऱ्यांच्या ज्वाळा बसू द्या, मगच कणसं आरात खुपसा. जाळावर धरलं की वरून करपतं, आत कच्चं राहतं. अन् हुरड्याच्या तुकड्यात फवारणी अजिबात नको.

रामलिंगचं शिवार: सुरती मिळेल इकडं. पायवाटेचं कुणी सांगेल का?

वाटाड्या: उताराला सरळ वर नेली की पहिल्याच पावसात तिची घळ होते. चराच्या कडेनं आडवी न्या, चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ. काळ्या रानातून जाते तिथं सहा इंच मुरूम दाबा, नाहीतर पावसाळ्यात चिखल पायाला चिकटून पाहुणे तिथंच अडतील. जवळच्या येडशी-रामलिंग अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय फेरी नेऊ नका. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करा, अन् स्वयंपाकासाठी बचत गटाची अन्न नोंदणी वेगळी काढा.