आंचवणे, विसळणे, धुणे : जेवणाआधीच्या हात धुण्याला शब्द कोणता?
(ही एक चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

मूळ प्रश्न
सोलापुरातल्या एका शाळेत हात धुण्याच्या जागेजवळ फलक लावायचा आहे. मजकूर ठरला होता : 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवा.' मुले तो वाचतात, नळाखाली बोटे धरतात, चड्डीला पुसतात आणि डबा उघडतात. त्यांच्या लेखी हात धुऊन झाले. म्हणजे 'धुणे' या क्रियापदात साबण गृहीत नाही का? विसळणे, खंगाळणे, चोळणे, आंचवणे यांच्या अर्थात नेमका फरक काय? 'स्वच्छ', 'शुद्ध', 'निर्जंतुक' यांतला कोणता शब्द घ्यावा? आणि जंतू म्हणावे की किटाणू?

शब्दवेध
आंचवण्यापासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथेच आहे. जेवण झाल्यावर हात धुणे, चूळ भरणे, तोंड पुसणे या सगळ्याला मराठीत एकच क्रियापद आहे. 'आचमन' हा शब्द त्याच कुळातला. 'आंचवल्याशिवाय खरं नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा जेवण पुरे झाल्याची खूण म्हणजे हातावर पडलेले पाणी, हे गृहीत असते.

जेवणाआधी हात धुण्याला मात्र असे स्वतंत्र क्रियापद रूढ नाही. जेवल्यावर हाताला दिसणारे काहीतरी असते : शेंगाचटणीचे तेल, आमटीचा ओशटपणा, बोटांवर वाळलेला भाकरीचा काला. त्या प्रत्येक अवस्थेला शब्द आहे. तेलकट, तुपकट, ओशट, चिकट, खरकटे, उष्टे. यातही फरक आहे. 'उष्टे' हे 'उच्छिष्ट'वरून आले. त्यात तोंडाचा, लाळेचा संबंध येतो. 'खरकटे' म्हणजे अन्नाचा लागून राहिलेला अंश, मग तो तोंडाला लागलेला असो वा नसो. कणीक मळलेला हात खरकटा असतो, उष्टा नसतो. जेवणाआधीचा हात डोळ्यांना कोरडा आणि बरा दिसतो, म्हणून त्याच्यासाठी भाषेने वेगळा शब्द घडवला नसावा, असे माझे मत.

आता बाकीची क्रियापदे. विसळणे म्हणजे मळ आधीच सुटलेला आहे, तो पाण्याने काढून टाकणे. खंगाळणे म्हणजे पाणी आत घेऊन जोराने हलवणे. कळशी खंगाळतात, हात नाही. घासण्याला राख, काथ्या असे काही साधन लागते. चोळणे हे हातानेच हातावर होते. धुणे या सगळ्यांवरची छत्री आहे, आणि छत्रीखाली काय काय येते ते ऐकणारा ठरवतो. तुमची मुले हात धूत नाहीत, विसळतात.

पूर्व भाग
सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत हा प्रश्न तीन भाषांत येतो. तेलुगूत 'चेतुलु कडुक्को', कन्नडात 'कै तोळको'. दोन्हीकडे अर्थ 'हात धू' एवढाच, साबणाचा उल्लेख नाही. उष्ट्याला मात्र दोन्हींकडे खणखणीत शब्द आहे : तेलुगूत 'एंगिली', कन्नडात 'एंजलु'. जे दिसते, जे तोंडाला लागते, त्याची दखल तिन्ही भाषांनी घेतली आहे. फलक तीन भाषांत लावणार असाल तर साबणाचा शब्द तिन्हींत स्पष्ट लिहा. आणि अंगठा चोळतानाचे चित्र काढा. अंगठा हमखास विसरला जातो.

सूक्ष्मदर्शी
'निर्जंतुक' फलकावर नको. प्रयोगशाळेत या शब्दाला कडक अर्थ आहे : एकही सूक्ष्मजीव, त्याचे बीजाणूसुद्धा, शिल्लक नसणे. उपकरणे वाफेच्या दाबपात्रात १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटे ठेवतात, तेव्हा तो शब्द वापरता येतो. हात निर्जंतुक होत नाहीत, व्हायची गरजही नाही. त्वचेवर काही जीवाणू कायम वस्तीला असतात. ते बहुधा त्रास देत नाहीत. काही वाटसरू असतात : शौचाहून, कच्च्या मांसावरून, बसच्या दांडीवरून, आजारी माणसाच्या हातावरून आलेले. हात धुण्याचा रोख या वाटसरूंवर.

'जंतू' हा संस्कृतात कोणत्याही जिवंत प्राण्याला लावला जाणारा शब्द. 'जीवजंतू'मध्ये तो जुना अर्थ टिकून आहे. 'किटाणू' हिंदी जाहिरातींतून आला. चूक नाही, पण मराठी फलकावर 'जंतू' पुरेसा आहे. एक अडचण सांगून ठेवतो : लहान मुले 'जंतू' आणि 'जंत' एकच समजतात. जंत डोळ्यांना दिसतात. त्यांची अंडी दिसत नाहीत, आणि ती मातीतून नखांत, नखांतून तोंडात जातात. त्यामुळे मुलांचा गोंधळ अगदीच निराधार नाही. तेवढा फरक तोंडी समजावून सांगावा.

साबण जंतू मारतो की काढतो, हाही शब्दाचाच प्रश्न आहे. मुख्यतः काढतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. हातावरच्या तेलकट थरात जंतू धरून बसतात. चोळल्यावर तो थर सुटतो आणि पाण्याबरोबर जातो. करोनासारख्या काही विषाणूंचे बाहेरचे वेष्टण स्निग्ध असते, ते साबणाने फुटतेही. नुसत्या पाण्याने थर पूर्ण सुटत नाही. म्हणून फलकावर 'चोळून' हा शब्द 'स्वच्छ'पेक्षा जास्त काम करेल.

चोळायचे कसे : हात ओले, साबण, मग तळव्याला तळवा, हाताच्या मागच्या बाजू, बोटांच्या फटी, दोन्ही अंगठे मुठीत धरून फिरवायचे, बोटांची टोके तळव्यावर घासायची म्हणजे नखांतला मळ निघतो. चोळणे किमान २० सेकंद. दोनचा पाढा सावकाश दोनदा. जागतिक आरोग्य संघटना ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद सांगते. पाणी गरमच हवे असे नाही. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवे, आणि मातीने माखलेल्या हातावर तो नीट चालत नाही. जंतांच्या अंड्यांवर आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोविषाणूवर त्याचा भरवसा धरू नये.

पिंप-तांब्या
पाणी रोज येत नाही अशा घरांचा विचार फलकात हवा. पिंपात हात बुडवला की सगळे पिंप बाटते (हा शब्द इथे चपखल बसतो), म्हणून लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तांब्याने वरून धार धरायची. चोळताना धार बंद. असे केले तर अर्ध्या ते पाऊण लिटरमध्ये एका माणसाचे हात नीट धुतले जातात. नळ सोडून ठेवला तर याच्या कितीतरी पट पाणी जाते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, पांढरट साय हातावर बसते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण बांधला जातो. अशा वेळी साबण थोडा जास्त लावायचा किंवा द्रवरूप हँडवॉश घ्यायचा; त्यातल्या बहुतेकांत साधा साबण नसतो, म्हणून ते जड पाण्यातही चालते.

शब्दवेध
'बाटणे' फलकावर नेऊ नका, एवढी विनंती. बाटणे, विटाळ, सोवळे, शुद्ध हे शब्द जातीच्या आणि मासिक पाळीच्या शिवाशिवीशी इतके बांधलेले आहेत की मुलाच्या मनात जंतूंऐवजी माणसेच येतील. १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण-गोमूत्र ओतले गेले. पाण्याची स्वच्छता पाहिली तर ते उलट घाण झाले. शब्दाच्या लेखी शुद्ध झाले. दोन शब्दांतले अंतर याहून स्पष्ट दिसणार नाही. 'स्वच्छ'चा मूळ अर्थ पारदर्शक, नितळ. तो दिसण्याशी जोडलेला आहे, त्यामुळे मुले बोटे पाहून 'स्वच्छ आहेत' म्हणणारच.

पंढरपूरच्या प्रक्षाळपूजेमुळे आपल्या जिल्ह्यात 'प्रक्षाळणे' ओळखीचे आहे, पण ते देवाचे न्हाणे. शाळेच्या नळावर तो शब्द जड होईल.

पिंप-तांब्या
मान्य. पिंपाबद्दल 'पाणी खराब होते' असेच लिहावे.

पूर्व भाग
कोरडे करण्याचे राहिले. ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि त्यावरून दुसरीकडे लवकर लागतातही. सोलापुरी टर्किश टॉवेल पाणी चांगले टिपतो, पण वर्गात एकच टॉवेल टांगला आणि तो दिवसभर ओलाच राहिला तर धुतलेले वाया. प्रत्येकाचा स्वतःचा रुमाल, नाहीतर हात झटकून हवेत वाळवणे. क्रियापद 'पुसा' नको, 'कोरडे करा' ठेवा. 'पुसा' म्हटले की चड्डी आलीच.

मूळ प्रश्न
आभार. मग असे : 'जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबण लावून, दोनचा पाढा दोनदा होईपर्यंत हात चोळा. वाहत्या पाण्याने धुवून कोरडे करा.' खाली अंगठ्याचे चित्र.

शब्दवेध
'धुवून' नको, 'धुऊन'. धातू 'धू' आहे, 'ठेव'सारखा वकारान्त नाही. देऊन, घेऊन, तसे धुऊन. आणि 'वाहत्या'ऐवजी 'वरून ओतलेल्या' करा, तांब्याने धुणाऱ्या घरांनाही तो फलक लागू पडेल.