प्राथमिक शिक्षक होण्यासाठी पदवीचा अर्ज : पायाभूत स्तर निवडावा की पूर्वतयारी? (तातडीने मदत हवी आहे)

कोरी_पाटी : नमस्कार. मला प्राथमिक शाळेत शिकवायचे आहे आणि त्यासाठी चार वर्षांच्या एकात्मिक बी.ए.-बी.एड. अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला मी बसले आहे. संस्थांच्या यादीत काहींच्या पुढे पायाभूत स्तर, काहींच्या पुढे पूर्वतयारी स्तर, तर काहींच्या पुढे माध्यमिक स्तर असे लिहिलेले आहे. यांपैकी कोणता निवडावा, एवढेच मला विचारायचे आहे. मुदत परवा संपते. कृपया 'संकेतस्थळ पाहा' असे उत्तर देऊ नये. ते पाहून डोके फिरल्यावरच येथे लिहीत आहे.

खडूचा_तुकडा : पायाभूत स्तरात बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येते, पूर्वतयारी स्तरात तिसरी ते पाचवी. सहावीच्या पुढचे स्तर आपल्या कामाचे नाहीत. मात्र आपण बारावी केव्हा, कोणत्या शाखेतून आणि किती टक्क्यांनी उत्तीर्ण झालात, हे लिहिलेलेच नाही. ते कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

रात्रअभ्यास : अर्ज कोणताही भरा, पण अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची तयारी आजपासूनच सुरू करा. ती २०० गुणांची असते आणि राज्यातली शिक्षकभरती तिच्याच गुणांवर होते. मी रोज पहाटे दोन तास केवळ बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवतो.

खडूचा_तुकडा : त्यांचा अजून प्रवेशही झालेला नाही. भरतीचे नंतर पाहू.

जुना_डीएड : चार वर्षे कशाला घालवता? दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका करा. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा नसते. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. मी तेच केले आणि आज पंधरा वर्षे चौथीला शिकवतो आहे.

वाचनकट्टा : पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज देऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटले आहे की २०३० पर्यंत शिक्षकांसाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता असेल. आज पदविका घेऊन उद्या पुन्हा रांगेत उभे राहायचे का?

जुना_डीएड : धोरण म्हणजे नियम नव्हे. पहिली ते पाचवीसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी जी किमान पात्रता अधिसूचित केली, तिच्यात ही पदविका आहे.

कोरी_पाटी : आपण वाद घालत आहात आणि माझा अर्ज तसाच उघडा आहे. बारावी कला शाखा, २०१७, ५८ टक्के. खुला प्रवर्ग. त्यानंतर २०२० मध्ये बी.ए. आणि २०२२ मध्ये बी.एड. झाले, पण त्याचा येथे संबंध नाही. पायाभूत की पूर्वतयारी, एवढेच सांगा.

खडूचा_तुकडा : ताई, संबंध त्याचाच आहे! आपण पदवीधर असून बी.एड.ही आहात, हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. हातात बी.एड. असताना पुन्हा चार वर्षांचे बी.एड. करण्यामागचे कारण काय?

कोरी_पाटी : कारण त्या बी.एड.वर मला पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा २८ जून २०१८ ची अधिसूचना लागू होती, तिच्यानुसार बी.एड.धारक प्राथमिकसाठी पात्र होते आणि महाविद्यालयातही आम्हाला तसेच सांगण्यात आले. पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पात्रता रद्द ठरवली. तेव्हा मी जूनपासून एका शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळत होते.

वाचनकट्टा : मग प्रश्नच मिटला. आपण सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करावा.

जुना_डीएड : अर्धवट माहिती देऊ नका. तो अभ्यासक्रम त्या निकालापूर्वी प्राथमिक शिक्षक म्हणून नियमित नेमणूक झालेल्या बी.एड.धारकांसाठी आहे, कोणीही उठून प्रवेश घ्यावा असा तो नाही. कोरी_पाटी, आपली नेमणूक कशी होती? नियुक्तिपत्र आहे का?

कोरी_पाटी : नियुक्तिपत्र नाही. तासिका तत्त्वावर होते, महिन्याच्या शेवटी वहीत सही करून पैसे मिळत.

जुना_डीएड : मग तो मार्ग बंद समजा.

खडूचा_तुकडा : सहावी ते आठवीचा विचार केलात का? पदवी आणि बी.एड. तेथे चालते, शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर मात्र लागेल.

कोरी_पाटी : दुसरा पेपर उत्तीर्ण आहे, परंतु मला मोठ्या मुलांना शिकवायचे नाही. दुसरीच्या वर्गात एक मुलगा 'एकोणतीस' म्हटले की पाटीवर न चुकता ३९ लिहायचा. तीन दिवसांनी माझ्या लक्षात आले की त्याला शब्दात 'तीस' ऐकू येते, म्हणून तो ३ मांडतो, आणि एकोण म्हणजे नऊ असे त्याने स्वतःच ठरवले आहे. चूक त्याची नव्हती, शब्दाची होती. मग आम्ही तीस काड्या मोजून त्यातली एक बाजूला ठेवली. असले काम मला आठवीत मिळणार नाही.

रात्रअभ्यास : म्हणूनच २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन आले होते. त्यावर किती गदारोळ झाला! माझ्या मते ते...

खडूचा_तुकडा : तो वाद येथे नको. ताई, आता हिशेब मांडू. एकात्मिक पदवीसाठी आधी १६० प्रश्नांची परीक्षा, मग चार वर्षे. पदविकेला दोन वर्षे, आणि आपले ५८ टक्के किमान अटीच्या वर आहेत. पदवी आपल्याकडे आहेच. त्यामुळे 'पायाभूत की पूर्वतयारी' हा प्रश्न आपला नाहीच. वाचनकट्टा यांचा सल्ला नुकत्याच बारावी झालेल्या मुलीसाठी योग्य ठरेल.

वाचनकट्टा : बी.एड. झाल्याचे आधी कळले असते तर मीही हेच लिहिले असते. मात्र पदविकेनंतर पात्रता परीक्षेचा पहिला पेपर द्यावा लागेल, कारण दुसऱ्या पेपरचे प्रमाणपत्र सहावी ते आठवीपुरतेच असते. पहिला पेपर १५० गुणांचा असतो आणि खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात.

कोरी_पाटी : ठीक आहे. पदवीचा अर्ज बंद केला. खरे सांगायचे तर 'पदविका' या शब्दानेच मी अडले होते, बी.एड. झाल्यावर बारावीनंतरच्या वर्गात परत बसणे म्हणजे पायरी उतरणे, असे घरीही सर्वांना वाटते. आता एकच अडचण आहे. पदविकेच्या प्रवेशाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल ना? माझा बारावीचा मूळ दाखला पदवीच्या प्रवेशाच्या वेळीच जमा झाला आहे.

जुना_डीएड : तो परत मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. शेवटी जेथे शिकलात त्या संस्थेचा दाखला लागतो, म्हणजे आपल्या बाबतीत बी.एड. महाविद्यालयाचा. उद्या सकाळीच जा, आणि ग्रंथालयाचे पुस्तक द्यायचे राहिले असेल तर ते बरोबर न्या.

कोरी_पाटी : दोन राहिली आहेत.