‘स्खदीत्’ : जाणे की जाऊन येणे?

निपाणीहून :
कोल्हापूरला विद्यापीठात रशियनचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग करत्येय. पहिल्या पायरीचे ७८० शब्द कसेबसे झाले, आता १३०० शब्दांच्या पायरीकडे निघालोय सगळे. पण वहीत एक पान असं आहे की तिथं माझी गाडी अडते. इत्ती, खदीत्, येखत्, येज़्दित्, पइती, स्खदीत्. सहाही शब्दांपुढं मी ‘जाणे’ एवढंच लिहिलंय. पायी आणि वाहनानं हा फरक कळला. पण ‘खदीत्’ही पायीच आणि ‘स्खदीत्’ही पायीच, मग दोघांत काय? शब्दकोशाचं इंग्रजी वाचून डोक्यात काही शिरत नाही. मराठीत वेगळे शब्द आहेत का?

बेळगावहून :
ताई, मराठीत आहेत, आणि तुम्ही ते रोज बोलता. घरातून दुकानाला निघताना आईला काय सांगता? ‘जाते’ म्हणत नाही, ते अशुभ मानतात. ‘जाऊन येते’ म्हणता. शेजारचं कानडी घर ‘होगि बर्तीनी’ म्हणतं, तेही अक्षरशः तेच. रशियन ‘स्खदीत्’ म्हणजे हेच : जाणं आणि परत येणं मिळून एकच पुरी झालेली क्रिया. इंग्रजीत याला एक शब्द नाही, म्हणून तो कोश अडखळतो. तुम्ही इंग्रजीला मध्ये घेऊच नका.

हे पूर्ण क्रियेचं क्रियापद असल्यामुळं त्याला वर्तमानकाळ नाही. ‘या स्खझू व मगाज़ीन’ हे रूप वर्तमानासारखं दिसतं, पण अर्थ भविष्याचा : मी दुकानात जाऊन येतो. आता आपलं ‘येतो’ बघा. तेही रूपानं वर्तमान आणि अर्थानं ‘आत्ता जाईन नि येईन’. एवढा जवळचा मेळ दुसऱ्या भाषेत मला सापडला नाही. वाहनानं जाऊन यायचं असेल तर ‘स्येज़्दित्’.

उरलेल्यांपैकी ‘इत्ती’ला ‘जाणे’ लिहू नका, ‘चालणे’ लिहा. ‘कुठं चाललास?’ यातलं चालणे. ‘कुदा ती इद्योश?’ म्हणजे नेमकं तेच. घड्याळ चालतं, सिनेमा चालू असतो, पाऊस चालू असतो, या सगळ्या ठिकाणी रशियन ‘इत्ती’च वापरतात. फक्त एक सांभाळा : आपण बसमध्ये बसूनही ‘पुण्याला चाललोय’ म्हणतो. तिथं रशियनला ‘येखत्’च लागतं. वर्गात सगळ्यांत जास्त लाल शाई इथंच पडते.

खानापूरहून :
सर, ‘स्खदीत्’ला ‘चक्कर टाकून येणे’ चालेल का? आमच्याकडं ‘जरा बाजारात चक्कर टाकून ये’ म्हणतात.

बेळगावहून :
मला नाही पटत. चक्कर टाकताना काम असेलच असं नाही, नुसतं बघून यायचं असतं. ‘स्खदीत्’मध्ये बहुधा काहीतरी काम असतं : पाव आणायचा, डॉक्टरला दाखवायचं. ‘जाऊन येणे’च बरं. ‘फेरी’ मात्र ‘खदीत्’ आणि ‘येज़्दित्’ समजायला उपयोगी पडेल. ती दोन्ही ये-जा सांगतात. निपाणीच्या ताई रोज कोल्हापूरला ‘जाऊन-येऊन करतात’, हे त्यांच्या ‘येज़्दित्’चं खरं मराठी. कुणी ‘अप-डाऊन करते’ म्हणेल, तेही चालेल. आणि आज सकाळच्या बसमध्ये कागल ओलांडताना फोन आला, ‘कुठं आहेस?’, तर उत्तर ‘या येदू’, म्हणजे ‘येखत्’चं रूप. एका दिशेनं, आत्ता, वाटेत. वाहन तेच, रस्ता तोच, क्रियापद बदललं.

भूतकाळात गंमत आणखी वाढते. ‘ओन खदील व मगाज़ीन’ म्हणजे तो दुकानात जाऊन आला, माणूस आता घरात आहे. ‘ओन पशोल व मगाज़ीन’ (‘पशोल’ हा ‘पइती’चा भूतकाळ) म्हणजे तो दुकानात गेलाय, अजून आलेला नाही. आपण ‘जाऊन आला’ आणि ‘गेलाय’ यांत कधी घोळ घालतो का? मग रशियनमध्ये का घालावा? हां, ‘खदील’ म्हणजे ‘जात असे’ असाही होतो, तो मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखायचा.

खानापूरहून :
एक धोका मी सांगतो, मी यात चांगलाच फसलो होतो. ‘स्खदीत्’ असाच उच्चार नि असंच लिखाण असलेलं दुसरं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ उतरणे. पायऱ्यांवरून, बसमधून. ते अपूर्ण क्रियेचं आहे, त्याला वर्तमानकाळ असतो. म्हणून ‘स्खझू’ दिसलं की ‘जाऊन येईन’ की ‘उतरतोय’, हे पुढचा शब्द बघूनच ठरवायचं.

बेळगावहून :
बरोबर. वहीत दोन वेगळ्या ओळी करा, एका ओळीत दोन अर्थ कोंबू नका.

निपाणीहून :
सर, ‘पशोल’वरून एक विचारायचं होतं. धड्यात एक मुलगा मित्रांना म्हणतो, ‘नू, या पशोल’, आणि तो अजून दारातच उभा आहे. भूतकाळ का?

बेळगावहून :
कारण तुम्हीही तसंच म्हणता! ‘बरं, निघालो मी.’ निघालेला नसतोच, चप्पल घालायची असते. १२ एप्रिल १९६१ला अंतराळवीर गागारीन यान सुटताना ‘पयेखली!’ म्हणाला, तोही भूतकाळच, बहुवचनी : ‘निघालो!’ इंग्रजीतून ‘चला जाऊ या’ असं भाषांतर करतात. चूक नाही, पण ‘निघालो’ची धडधड त्यात येत नाही.

आता तुमच्यासाठी खास. आपल्या सीमाभागात, कोल्हापुराकडंही, बायका ‘मी येतो, मी निघालो’ असं सर्रास म्हणतात. माझी आई आयुष्यभर असंच बोलली आणि मला ते फार गोड वाटतं. पण रशियनमध्ये तुम्ही ‘या पशोल’ म्हणालात तर चूक धरतील. ‘या पश्ला’च म्हणायला हवं. इथं घरची सवय बाजूला ठेवून पुस्तकी ‘निघाले’ आठवा.

निपाणीहून :
आमच्या घरी आजी अजूनही ‘मी आलो’च म्हणते. माझ्या पेपरात ‘पशोल’ का आलं ते आत्ता कळलं. पान नव्याने लिहिते : इत्ती – चालणे, एका दिशेनं. खदीत् – पायी जाऊन-येऊन करणे. येखत् – गाडीनं चालणे. येज़्दित् – गाडीनं जाऊन-येऊन करणे. पइती – निघणे. स्खदीत् – जाऊन येणे, आणि वेगळ्या ओळीत, उतरणे. ‘ज़इती’ राहिलं. घरी येता येता मैत्रिणीकडं दोन मिनिटं थांबले, त्याला काय लिहू?

खानापूरहून :
‘डोकावणे’.

बेळगावहून :
‘वाटेत डोकावणे’ लिहा. वाट त्यात असतेच.